लांडगा आला रे आला, पण कुठला?

बे_एके_बे:
बातमी तशी शिळी आहे, एप्रिल 2025 ची, पण परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर परत फिरत आली म्हणून हा धागा काढतोय. दोन पांढरीशुभ्र पिल्लं मान वर करून हू हू करतायत असा व्हिडिओ आणि खाली मजकूर, "10 हजार वर्षांनी डायर वुल्फ पृथ्वीवर परतला!!" माझी मुलगी सहावीत आहे, ती लगेच म्हणाली बाबा मग आता डायनासोर कधी येणार. मी म्हटलं अगं हे मुळात डायर वुल्फच नाहीत, तर ग्रुपवर मेव्हण्याचा मेसेज, तुला शास्त्रज्ञांपेक्षा जास्त कळतं का.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. डायर वुल्फ म्हणजे अमेरिकेतला, हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला लांडग्यासारखा मोठा प्राणी. अमेरिकेत डॅलसला कोलोसल बायोसायन्सेस नावाची कंपनी आहे, 2021 ची. बेन लॅम हा उद्योजक आणि हार्वर्डचे जॉर्ज चर्च या दोघांनी काढलेली. मॅमथ आणू, डोडो आणू, टास्मानियन टायगर आणू असं सांगत सांगत जानेवारी 2025 पर्यंत कंपनीचं मूल्य 10 अब्ज डॉलरच्या वर गेलं, अजून एकही मॅमथ जन्मलेला नाही तरी. त्यांनी काय केलं, ओहायोत सापडलेला 13 हजार वर्षं जुना दात आणि आयडाहोतली 72 हजार वर्षं जुनी कवटी यांच्यातून डायर वुल्फचा डीएनए वाचला. हे काम भारी आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मग आजच्या करड्या लांडग्याच्या पेशी घेऊन त्यातल्या 14 जनुकांमध्ये 20 ठिकाणी बदल केले, आणि तीन पिल्लं जन्माला घातली. रोम्युलस, रीमस ऑक्टोबर 2024 चे, आणि नंतरची खलीसी, हे नाव टीव्ही मालिकेतलं. यावरूनच कळावं की प्रेक्षक कोण धरलेत.

आता माझं साधं गणित. लांडग्याच्या जीनोममध्ये, म्हणजे डीएनएच्या अख्ख्या मजकुरात, ढोबळ 240 कोटी अक्षरं. कंपनी स्वतःच सांगते की डायर वुल्फ आणि करडा लांडगा 99.5 टक्के सारखे. म्हणजे उरलेला अर्धा टक्का किती झाला, 1 कोटी 20 लाख. त्यातले बदलले 20, आणि त्या 20 पैकी सुद्धा डायर वुल्फकडून घेतलेले 15च. सव्वा कोटीच्या कर्जात वीस रुपये भरायचे आणि बँकेत जाऊन नो ड्यूज सर्टिफिकेट मागायचं, हा तसला प्रकार आहे. सरळ शब्दात, मोठ्या अंगाचा पांढरा करडा लांडगा. याला "परतला" म्हणणं ही थाप आहे आणि मला थापेचा राग येतो, बाकी लांडग्यांशी काही वैर नाही.

उगाच_एक:
शीर्षक बघूनच ओळखलं मास्तर आहेत म्हणून. फक्त एक लक्षात ठेवा, त्या गोष्टीत शेवटी खरा लांडगा येतो आणि तेव्हा कोणी धावत नाही. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

प्रयोगवही:
मास्तर, गणित बरोबर सोडवलंत पण पेपर भलत्याच विषयाचा. जीनोममधल्या अक्षरांचे फरक असे सुट्ट्या पैशासारखे मोजत नाहीत. बहुतेक फरक काहीच करत नाहीत, नुसते पडून असतात. तुमच्यात आणि तुमच्या मेव्हण्यात सुद्धा लाखो अक्षरांचा फरक निघेल, तरी दोघं माणूसच ना (निदान तुम्ही तरी, मेव्हण्यांना मी ओळखत नाही). प्रश्न कुठली अक्षरं बदलली हा आहे. अंगाचा आकार, डोक्याची ठेवण, केसांची लांबी यांच्यावर परिणाम करणारी निवडून बदलली.

आणि "फक्त 20" म्हणताय ना, त्यावर मला खरंच हसू आलं, रागावू नका. मी पेशी वाढवण्याचं काम करते, सात वर्षं झाली. एका पेशीत एक बदल करायचा, तो बरोबर जागी झालाय का बघायचा, आणि ती एकटी पेशी जगवून तिची अख्खी प्लेट भरायची, यात माझे चार महिने गेलेत. त्यातसुद्धा एकदा शनिवारी रात्री इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपला, सोमवारी दार उघडलं तर पेशी ज्या द्रवात वाढतात त्याचा लाल रंग पार जांभळा झालेला, सगळं मेलेलं, मी तिथेच स्टुलावर बसून रडले. त्या लोकांनी एकाच पेशीत 20 बदल केले, पेशी टिकवली, तिचं केंद्रक काढून कुत्रीच्या रिकाम्या केलेल्या अंड्यात घातलं, मग गर्भ कुत्र्यांच्या पोटात वाढवले. आणि पेशी कुठून घेतल्या माहितीये? कातडीचा तुकडा कापून नाही, नुसत्या रक्ताच्या नमुन्यातून. प्राण्याला भूल देऊन चिरफाड न करता साध्या रक्तातून क्लोन होतो हे दाखवलंय. याच पद्धतीने त्यांनी लाल लांडग्याच्या वंशाची चार पिल्लं केलीत, आणि लाल लांडगे अमेरिकेच्या जंगलात अगदी मोजकेच उरलेत. उद्या कोणाचं नुसतं रक्त गोठवून ठेवलं तरी वंश वाचवायची सोय झाली. तुम्ही बारशाच्या नावावरून भांडताय आणि बाळ बघायलाच तयार नाही.

बे_एके_बे:
ताई, बाळ गोड आहे, कोण नाही म्हणतंय. पण जन्मदाखल्यावर बाप चुकीचा लिहिलाय.

कोलोसलच्या मुख्य शास्त्रज्ञ बेथ शपीरो यांनी दीड महिन्यातच, मे 2025 मध्ये, मुलाखतीत मान्य केलं की हे 20 बदल केलेले करडे लांडगेच आहेत. मग एप्रिलमध्ये मासिकाच्या मुखपृष्ठावर "नामशेष" शब्दावर काट मारून फोटो कशाला छापून घेतला? आणि रंगाची गंमत ऐका. त्यांच्या म्हणण्यानुसार डायर वुल्फचा रंग फिकट होता, पण तो ज्या जनुकांमुळे येत होता ती करड्या लांडग्यात घातली तर पिल्लं बहिरी आंधळी निघायचा धोका. म्हणून ते टाळून दुसऱ्याच जनुकांमधून पांढरा रंग आणला. पिल्लांच्या दृष्टीने योग्यच केलं. पण मग ज्या पांढऱ्या रंगावर सगळं जग भाळलं तोच डायर वुल्फकडून आलेला नाही! हे म्हणजे कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणं झालं. पेढा खाली पिवळं गवत, वर देवगडचा शिक्का.

(आणि लाल लांडग्यांचं, ज्यांच्या रक्तातून ती पिल्लं केली ते टेक्सास लुइझियानाच्या किनाऱ्यावरचे प्राणी, बरेचसे कोयोटी (लांडग्याचा लहान भाऊबंद), त्यात लाल लांडग्याचा अंश. तिथेही "लाल लांडगा" असं तोंड भरून म्हणण्याआधी जरा थांबावं लागतं.)

उगाच_एक:
पेढा खाली गवत? पेटीत पेंढा असतो मास्तर. पेढा असता तर आम्हीच घेतली असती.

प्रयोगवही:
आंब्याचं उदाहरण तुमच्याच अंगावर आलंय. कर्नाटकातला तो आंबा पण हापूसच असतो, कलम तेच, माती वेगळी. जनुकं विचाराल तर तो अस्सल.

बे_एके_बे:
पेंढा पेंढा. ऑटोकरेक्ट.
ठीक, मग उदाहरण बदलतो. रायवळीला शेंदरी रंग फासला. आता बोला.

डांबरगोटी:
लॉस एंजेलिसमधून लिहितोय, इथे येऊन अकरा वर्षं झाली. या विषयावर मला बोलायचा थोडा हक्क आहे कारण ऑफिसपासून वीस मिनिटांवर ला ब्रेआचे डांबराचे खड्डे आहेत, शहराच्या अगदी मधोमध, बाजूला बसस्टॉप. पाण्याखालून अजूनही बुडबुडे येतात, आणि वास म्हणाल तर आपल्याकडे मे महिन्यात रस्ता करतात ना, पिंप तापवून, तोच वास. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला चक्क घराची आठवण आली. तिथल्या म्युझियममध्ये एक भिंत आहे, मागून पिवळा नारिंगी उजेड सोडलेला आणि त्यावर डायर वुल्फच्या 400 च्या वर कवट्या ओळीने मांडलेल्या. त्या खड्ड्यांतून एकूण 4 हजारांच्यावर डायर वुल्फ निघालेत. एखादा प्राणी डांबरात रुतायचा, त्याला खायला कळप यायचा, मग कळपातलेही रुतायचे. म्हणजे अख्खे कळप आहेत तिथे भिंतीवर. नुसतं उभं राहिलं तरी कळतं की हे जनावर एकट्याने काही करत नव्हतं.

माझा मुद्दा हा की प्राणी म्हणजे नुसतं शरीर नाही. डायर वुल्फ त्या काळचे घोडे, बायसन असली मोठी जनावरं कळपाने पाडायचा, ती शिकवण आईकडून पिल्लाला. या तिघांना कोणी शिकवलं? कुत्रीच्या पोटी सिझेरियनने जन्म, मग माणसांनी बाटलीने दूध पाजलं, आता 2 हजार एकराच्या कुंपणात राहतात आणि जागा गुप्त. जंगलात सोडणार नाही असं कंपनीच सांगते. मग परतला कुठे, परतला तो कुंपणात.

शिवाय 2021 मध्ये नेचर मासिकात एक मोठा अभ्यास आला होता, जुन्या हाडांच्या डीएनएवरून. त्यात निघालं होतं की डायर वुल्फची शाखा करड्या लांडग्यापासून साधारण 57 लाख वर्षांपूर्वीच फुटली, दिसायला सारखे पण नातं लांबचं. आता कंपनी नव्या डीएनएवरून म्हणते नातं जवळचं आहे. असेलही, नवा पुरावा आला तर मत बदलावं. पण घोषणा आधी आणि शोधनिबंध मागाहून, हा क्रम मला खटकतो.

प्रयोगवही:
डांबरगोटी, कळपाचा मुद्दा मान्य. पण तोच न्याय लावला तर प्राणिसंग्रहालयात जन्मलेला वाघ हा वाघ नाही म्हणावं लागेल. म्हणाल का?

डांबरगोटी:
वाघाची निदान आई वाघीण असते हो.

दुपारचा_चहा:
मी विज्ञानाची नाही, बँकेतून रिटायर झालेय, पण वाचत असते. तुमची भांडणं वाचून मला स्पेनची ती रानबकरी आठवली, बुकार्डो. पिरेनीज डोंगरातली जात. शेवटची उरली होती तिला सीलिया नाव दिलेलं, जानेवारी 2000 मध्ये अंगावर झाड पडून गेली बिचारी. तिच्या कानाच्या कातडीचा तुकडा आधीच काढून ठेवला होता, त्यातून 2003 मध्ये तिचा क्लोन जन्माला घातला. फुप्फुसात दोष होता, काही मिनिटं जगली. म्हणजे एकच जात दोनदा नामशेष झाली. तिथे कोणी थाप नव्हती मारली, जनुकं सगळी तिचीच होती, तरी हाती काय लागलं.

आणि केनियातला तो गेंडा, सुदान. उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांमधला शेवटचा नर, मार्च 2018 मध्ये गेला. मागे राहिल्या त्याची मुलगी नाजिन आणि नात फातू, दोघीच. त्यांच्याभोवती बंदूकधारी पहारा असतो. फातूची बीजांडं काढून साठवलेल्या वीर्याने प्रयोगशाळेत गर्भ तयार केलेत, पण त्या दोघी स्वतः पोटात वाढवू शकत नाहीत, म्हणून दक्षिणेकडच्या जातीच्या मादीच्या पोटात वाढवायचे. त्याची रंगीत तालीम म्हणून आधी दक्षिणेच्याच जातीचा गर्भ ठेवून बघितला, तो राहिला, सगळे खूश, आणि ती मादीच जंतुसंसर्गाने गेली. पोटातला गर्भ 70 दिवसांचा होता, साडेसहा सेंटिमीटरसुद्धा नव्हता. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. पण प्रयत्न करूच नये असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या दोघी म्हाताऱ्या होत चालल्यात. म्हणून मी थोडी प्रयोगवहीच्या बाजूने. मास्तर, तुमचं सगळं बरोबर असेल, पण तुम्ही इतके तडतडता कशाला?

बे_एके_बे:
काकू, तुम्ही सांगितलेली दोन्ही उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत बघा. गेंड्यांवर काम करणाऱ्यांनी काय जाहीर केलं, गर्भ 70 दिवस वाढला, मादी मेली, कारण अमुक. "उत्तरेचा गेंडा परतला" असं म्हणाले का? माझा विरोध तंत्राला नाहीच, मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

आणि तडतडायचं कारण सांगतो. घोषणा झाली त्याच दिवसांत अमेरिकेच्या सरकारी जमिनींचं खातं सांभाळणारे मंत्री डग बर्गम यांनी लिहिलं की धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत एकदा नाव गेलं की बाहेर निघतच नाही, अमेरिका मोठी झाली ती नियमांमुळे नाही तर नवनव्या शोधांमुळे, आणि आता हे डी-एक्स्टिंक्शन, म्हणजे नामशेष प्राणी परत आणणं, आलंय. झालं! म्हणजे धरण बांधा, खाण काढा, प्राणी मेला तर डॅलसला फोन लावा. शब्दाने असं होतं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या श्वानकुळाच्या तज्ज्ञगटाला मुद्दाम पत्रक काढून सांगावं लागलं की ही तीन पिल्लं डायर वुल्फ नाहीत आणि त्याची पर्यायी जागा घेणारेही नाहीत. तज्ज्ञांचा वेळ बघा कशात गेला.

प्रयोगवही:
मंत्र्याने काय लिहिलं त्याचं खापर पेशींवर फोडू नका. मंत्री तर पंचांगावरूनही काहीही बोलतात. आणि कंपन्यांनी शब्द फुगवले नाहीत तर पैसे कोण देतं? माझ्या लॅबचा प्रस्ताव दोनदा परत आला, शेरा काय तर "लोकांना याचा उपयोग स्पष्ट होत नाही". तिसऱ्यांदा आम्ही पहिल्याच ओळीत कॅन्सर हा शब्द घातला. मंजूर. आमचं काम कॅन्सरपासून चार स्टेशन लांब आहे. तेव्हा मास्तर, थापेचा राग मलाही येतो, पण मी त्या गाडीतच बसलेय.

माळावरचा:
नमस्कार मंडळी. दोन दिवस वाचतोय, आता राहवेना म्हणून लिहितो, शुद्धलेखन सांभाळून घ्या, फोनवरून लिहितोय.

मी सोलापूर जिल्ह्यातला, नान्नजच्या बाजूचा. घरी मेंढरं, आज्यापासून. तुम्ही ज्या जनावराचं पोस्टमार्टम करताय ते आमच्या माळावर आत्ता, आजच्या रात्री फिरतंय. डायर नाही, साधा आपला लांडगा, भुऱ्या रंगाचा, काटकुळा, कुत्र्यापेक्षा पाय लांब आणि चालताना मान खाली. अख्ख्या देशात तीन हजारांच्या आसपास उरलाय म्हणतात, म्हणजे वाघापेक्षा कमी. पण वाघाला जिप्सी आहे, लांडग्याला काय आहे?

मागच्या थंडीत पहाटे माझं कोकरू नेलं. वाघर लावलेली होती, जाळी एका कोपऱ्यात ढिली राहिली, चूक माझीच. आवाज काही नाही, कुत्री भुंकली तेव्हा ते शंभर पावलांवर थांबून वळून बघत होतं, तोंडात कोकरू, आणि उजाडत होतं त्यामुळं डोळे दिसले पिवळे. पळालं नाही, बघितलं आणि गेलं. पंचनाम्याला माणूस तिसऱ्या दिवशी आला, म्हणाला अवशेष दाखवा. आता लांडग्यानं नेलेल्याचे अवशेष मी कुठून आणू. तर पैसे नाही मिळाले ते नाही मिळाले. आज्या म्हणायचा कळपातलं एखादं त्याच्या वाट्याचं असतंय. मला तेवढं पटत नाही कारण कोकराचा भाव मला माहितीये, पण मी विष पण घालत नाही. घालणारे आहेत, कुत्र्याच्या नावानं घालतात.

खरं दुखणं वेगळं आहे. आमच्या माळाला सरकारी कागदात पडीक म्हणतात. पडीक म्हणलं की कोणी पण येऊन काही पण करतंय. कधी खड्डे काढून झाडं लावतात, गवताच्या माळावर झाडं! फोटो काढून जातात. कधी प्लॉटिंग, कधी सोलरच्या काचा. माळढोकासाठी 1979 ला अभयारण्य केलं, कागदावर 8 हजार चौरस किलोमीटरच्या वर, त्यात गावंच्या गावं, माणसं वैतागली, मग कमी करत करत 1200 च्या आसपास आणलं. तोपर्यंत माळढोक जवळपास गेलाच. लहानपणी मी नर बघितलाय, पाण्याच्या बाजूला, गळ्याची पिशवी फुगवून मादीसमोर उभा, लांबून वाटावं कोणी पांढरं धोतर वाळत घातलंय. आता दिसला तर पेपरात बातमी येते. त्याचा डीएनए ठेवा गोठवून, माझी काही हरकत नाही. पण सोडणार कुठं? काचांवर?

तुम्ही दोघं हुशार आहात, पण मास्तर शब्दाला धरून बसलेत आणि ताई पेशीला. जमिनीचं कोणी बोलंना.

उगाच_एक:
पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

प्रयोगवही:
माळावरचा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. एक सांगू? माळढोकाचं तर तंत्रज्ञानच चाललंय. जैसलमेरला प्रजनन केंद्र आहे, ऑक्टोबर 2024 मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं. नर एका केंद्रात, मादी दुसऱ्या केंद्रात, वीर्य गाडीने नेलं. देशात उरलेत दीडशेच्या आसपास, आता हे केलं नाही तर काही वर्षांनी "सोडायचं कुठे" हा प्रश्न पण उरणार नाही. दोन्ही लागेल, माळ पण आणि अंडं उबवायची पेटी पण. मी पेटीवाली आहे, मला माळ राखता येत नाही.

माळावरचा:
ते बरोबर आहे ताई. पेटीला ना नाहीच.

बे_एके_बे:
गिधाडांचं विसरू नका. एकेकाळी लाखोंनी होती, दहा पंधरा वर्षांत जवळजवळ संपली. कारण काय निघालं, गुरांना देत होते ते डायक्लोफेनॅक, दुखण्यावरचं साधं औषध. मेलेलं जनावर गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, बदली औषध मेलॉक्सिकॅम. तिथे सगळ्यात मोठं काम कोणी केलं असेल तर एका सरकारी आदेशाने. जनुकीय कात्री नाही, मुखपृष्ठ नाही.

प्रयोगवही:
आणि औषधाचा गुन्हा लावला कोणी? मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडाच्या चकत्या करून प्रयोगशाळेत बसलेल्यांनीच ना. आदेश काय आपोआप निघाला?

बे_एके_बे:
हा मुद्दा मान्य. एक गुण तुम्हाला. बाकी "परतला" शब्दावर मी हटणार नाही. मेव्हण्याला पण तसंच कळवलंय, त्याने ग्रुप सोडला.

दुपारचा_चहा:
माळावरचा, तुमच्याकडे आता लांडग्यांना सगळ्यात मोठा धोका कशाचा? माणसांचाच का?

माळावरचा:
काकू माणसांचा आहेच, पण आता भटकी कुत्री पण. कचरा वाढला तशी कुत्री वाढली. पुण्याकडं एक पिवळट लांडगा दिसला होता, अभ्यासवाल्यांनी केस विष्ठा गोळा करून तपासलं तर लांडगा कुत्रा मिसळ निघाला. म्हणजे मास्तर, तुमची ती रायवळीची गोष्ट इथं फुकटात चाललीय, लॅब न लावता. आणि कुत्र्यांचे रोग. गीरमध्ये 2018 ला वीसच्या वर सिंह मेले त्यात कुत्र्यांचा तो डिस्टेंपर निघाला होता. तोच लांडग्याला पण होतो. मेंढपाळाच्या वाड्यावरची कुत्री आणि लांडगा एकाच तळ्यावर पाणी पितात, दुसरं तळं नाही.

डांबरगोटी:
मग वाड्यावरच्या कुत्र्यांना लस टोचली तर? खर्च किती येईल? मी इथून थोडेफार गोळा करू शकतो, मित्रमंडळींत. 10 अब्ज डॉलर नाहीत, पण लशीपुरते निघतील.

प्रयोगवही:
माझी मैत्रीण जनावरांची डॉक्टर आहे, तिला विचारते. लस थंड ठेवावी लागते, बर्फाच्या पेटीतून आणता येईल, पण एकाच दिवशी सगळी कुत्री एका जागी मिळायला हवीत, आणि काही आठवड्यांनी दुसरा डोस पण लागतो, म्हणजे दोन फेऱ्या. माळावरचा, किती कुत्री धरायची?

माळावरचा:
आमच्या वाड्यावर चार. पलीकडच्या वाड्यावर सहा, पण ते लोक दिवाळीनंतर खाली सरकतात, त्याच्या आत या. तळ्यापलीकडं अजून दोन वाडे आहेत, त्यांना विचारून सांगतो, ते कुत्र्याला सुई म्हणलं की चिडतात, कुत्रं मऊ पडतं म्हणतात. मी समजावतो. आमच्या चारातलं एक पांढरंशुभ्र आहे, अंगानं पण मोठं. कालपासून पोरं त्याला डायर म्हणून हाक मारायला लागलीत, आणि ते येतंय पण.